चिंचमाळचा जपानी वर्ग

फेब्रुवारी सरत आला तरी अर्जुनाच्या उसाला साखर कारखान्याची तोड मिळाली नव्हती. अठरा महिने राखलेला दीड एकराचा फड. तुरा येऊन महिना उलटला होता आणि आता कांडी मोडून बघितली की आतून पोकळ आणि पांढरी निघत होती. आजूबाजूचे फड रिकामे झाले होते. मधोमध एकट्या अर्जुनाचा ऊस पांढरे तुरे हलवत उभा होता.

शेतकी गट ऑफिसच्या पायरीवर तो चौथ्या दिवशी बसला होता. आत तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा दादासो पंख्याखाली चहा पीत होता.

"दादासो, माज्या मागनं लागण केलेल्यांचे ऊस गेले रं."

"मग मी काय करू? नंबर वरनं येतो."

"वरनं म्हंजी कुठनं?"

दादासोनं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली. "आबांस्नी भेटा. आठवण काढलीया त्यांनी. जपानची माणसं यायल्यात म्हणं. तुमचीच न्हवं ती?"

अर्जुना पायरीवरून उठला. माणसं त्याचीच होती.

सात-आठ वर्षांपूर्वी तो कुपवाडला ओतशाळेत कामाला होता. कंपनीनं त्याला अकरा महिन्यांसाठी जपानला धाडलं. तिथं गल्लीतल्या एका सभागृहात संध्याकाळी तीन बायका परदेशी कामगारांना जपानी शिकवायच्या. फी नाही, काही नाही. उलट थंडीत घरून गरम रताळी आणायच्या. त्यातली तानाबेबाई एका शाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेली. तिनं अर्जुनाला अक्षरापासून उभं केलं. "तुम्ही हे का करता?" असं त्यानं एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "तू गावाला गेल्यावर तुला कळेल."

परत आल्यावर वर्षभरात कुपवाडला तापलेलं लोखंड डाव्या हातावर उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी ताणून बसली, नोकरी गेली आणि अर्जुना चिंचमाळला बापाच्या रानात आला. तानाबेबाईची पत्रं मात्र येत राहिली. त्या पत्रांवरची अक्षरं बघायला पोरं जमायची. त्यातूनच जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात सकाळी नऊ ते दहा वर्ग सुरू झाला. हेडमास्तर सुमंत गुरुजींनी फळा दिला. फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेले लालासाहेब शिस्त लावायला म्हणून आले आणि पोरांबरोबर साठाव्या वर्षी स्वतःच अक्षरं गिरवायला लागले. आता त्यांचं अक्षर अर्जुनापेक्षा सुबक होतं. अर्जुनाची बायको विजयमाला गावभरच्या लग्नपत्रिका गोळा करायची, कोऱ्या बाजूवर लालासाहेब अक्षरं काढायचे, आणि ती एकेक पत्रिका उचलून पोरांसमोर धरायची. धरता धरता तिलाही निम्मी वाचता यायला लागली होती. पहिलं वर्ष गाव हसलं. पोरं ढेकळं मारताना जपानी आकडे मोजायला लागली तेव्हा हसायचं थांबलं. चार वर्षं झाली. बावीस पोरं होती.

आणि या वर्षी तानाबेबाईनं कळवलं होतं, मार्चमध्ये आम्ही चार जण तुझा वर्ग बघायला येतो, पुस्तकं घेऊन येतो. सुमंत गुरुजी नियमाचे. त्यांनी परवानगीचा अर्ज वर पाठवला. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत उदयसिंह आबांकडे जाऊन पोचला. आबा कारखान्याचे संचालक, तालुक्यातला कुठलाही कागद त्यांच्या हाताखालूनच जायचा. मलकापूरच्या रस्त्याला त्यांच्या संस्थेची इंग्रजी शाळा होती.

अर्जुना बंगल्यावर गेला तेव्हा आबा झोपाळ्यावर होते.

"ये अर्जुना. बस की."

बसायला काही नव्हतं. अर्जुना उभा राहिला.

"पाव्हणे येणार म्हंजी तालुक्याची इज्जत हाय गड्या. तुमच्या शाळेचं पत्रं गळत्यात, मुतारीला दार न्हाई. तितं परदेशी माणूस न्यायचं व्हय?"

पत्र्याचा अर्ज चार वर्षं तुमच्याकडंच पडलाय, हे अर्जुनाच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

"कार्यक्रम आपल्या इंग्रजी शाळेत घ्यायचा," आबा म्हणाले. "तीस पोरं काढल्यात. आठ दिसांत तयार कर. नाव, गाव, नमस्कार, एखादं गाणं. भाषणाला दुभाष्या तूच."

"आन आमची पोरं?"

"ती बी येऊ देत की. पाव्हण्यांस्नी पाणी-बिणी द्यायला लागंलच कुणीतरी."

"आबा, पोरं चार वर्सं..."

"तुझा फड केवढा रं? दीड एकर?" आबांनी झोपाळ्याला पाय लावला. "कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी तोडणीची टोळी घालतो. वाळत ठेवायचा न्हाई ऊस. जीव तुटतो बग बगून."

अर्जुनाचे हात आपोआप जोडले गेले. फाटकातून बाहेर पडल्यावर तो आपल्या हातांकडे बघत राहिला. त्याला त्या हातांचाच राग आला.

घरी विजयमाला म्हशीला उसाचं वाडं टाकत होती. लालासाहेब बाजेवर बसून अक्षरांची कार्डं लावत होते. अर्जुनानं सगळं सांगितलं.

"मग तुमी काय म्हणालासा?" विजयमालानं विचारलं.

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजी व्हयच की!" तिनं वाड्याची पेंढी म्हशीपुढं आपटली. "पत्र तुमाला आलं. वर्ग तुमी काढला. पोरं आमची घासून तयार झाली. आन तितं जाऊन त्यांनी भांडी धरायची? कुणाची? आबांच्या शाळंतल्यांची?"

"फड जळून चाललाय, विजे."

"जळू दे की मग."

"आसं म्हणाय सोपं हाय."

"सोपं न्हाई, म्हाईत हाय मला. लागण करताना मी बी वाकले हुते."

 लालासाहेबांनी कार्डांचा गठ्ठा दोरीनं बांधला. "पाणी वाटायचं न्हवं? वाटू. मी बी येतो वाटायला. ड्रेस घालून, मेडल लावून येतो. बगू देत त्यांस्नी, कोण पाणी वाटतंय."

आठ दिवस अर्जुना सायकल मारत इंग्रजी शाळेत गेला. तिथं पायजमा-सदऱ्यातले फक्त शिपाई असायचे आणि पोरं शिपायांना मामा म्हणायची, म्हणून पोरांनी त्यालाही मामा म्हणायला सुरुवात केली. "जपानी मामा आले!" मुख्याध्यापिका अबोलीबाई तरुण होत्या, आवाज न चढवता बोलायच्या. पण पहिल्या दिवशी त्यांनी त्याला स्टाफरूम नाही, शिपायांच्या पाण्याच्या माठाजवळची जागा दाखवली. भाकरी तो तिथंच स्टुलावर बसून खायचा.

वाक्यं अबोलीबाईंनी त्याच्याकडून इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहून घेतली. पोरं हुशार होती, घडाघडा म्हणायची. तिसऱ्या दिवशी एका पोरीनं विचारलं, "मामा, नामाए म्हणजे काय?"

अर्जुना खुलला. "नामाए म्हंजी नाव. बग, आपल्या नावातला ना हाय त्यात..."

"अर्थ नंतर," अबोलीबाई दारातून म्हणाल्या. "आधी पाठांतर होऊ दे. दिवस थोडे आहेत."

पोरगी खाली बसली. अर्जुनानं खडू परत उचलला. त्या दिवशी सायकलवरून येताना त्याला आपल्या फडातले तुरे लांबूनच दिसले आणि त्यानं मान फिरवली.

कार्यक्रमाच्या दिवशी अकरा वाजताच ऊन कापत होतं. मांडवात पुढं सोफे, मागं खुर्च्या, त्यामागं सतरंज्या. पाहुणे चार. तीन जण पन्नाशीचे, आणि तानाबेबाई. ती आता फार वाकली होती. अर्जुनाला बघितल्याबरोबर तिनं त्याचा भाजलेला हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. आबांच्या माणसानं "मॅडम, प्रोग्राम, प्रोग्राम" करत तिला सोफ्यावर नेलं.

चिंचमाळची बावीस पोरं मांडवाच्या कडेनं उभी होती. धुतलेल्या चड्ड्या, तेल लावलेले केस, हातात पाण्याच्या ग्लासांचे ट्रे. त्यांच्या टोकाला लालासाहेब, कडक इस्त्रीत, छातीवर तीन मेडलं आणि हातात पाण्याची स्टीलची बादली. लोक त्यांच्याकडं बघून कुजबुजत होते. ते समोर नजर लावून उभे होते.

इंग्रजी शाळेच्या पोरांनी नावं सांगितली, गाणं म्हटलं. टाळ्या झाल्या. मग आबा माईकपाशी आले. शेजारी अर्जुना दुसरा माईक घेऊन.

"आमच्या संस्थेत गेली चार वर्षं जपानी भाषेचा वर्ग चालू आहे," आबा म्हणाले. "समोर बसलेली मुलं त्याच वर्गातली."

अर्जुनानं ते जपानीत सांगितलं. एकदाही न अडखळता सांगितलं. वाक्यं एरवीपेक्षा चांगली आली आणि त्याचीच त्याला किळस आली.

तेव्हा शिवांजली दुसऱ्या पाहुण्यापुढं ट्रे धरून उभी होती. रंगूबाईची लेक, सातवीतली. रंगूबाई रोजगारानं दुसऱ्याच्या रानात जायची, आणि ही पोरगी वर्गात सगळ्यात पुढं होती. ट्रे धरल्याधरल्या तिनं मान वळवून अर्जुनाकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात त्याच्या हातून चुकीचं कार्ड वर गेलं की ती अशीच बघायची. सर आता दुरुस्त करतील म्हणून थांबायची.

अर्जुनानं कडेला नजर टाकली. बावीसच्या बावीस पोरं त्याच्याकडं बघत होती. लालासाहेबांनी बादली खाली ठेवली होती. भरल्या मांडवात चार पाहुणे सोडले तर तो काय बोलला हे कळणारी तेवढीच माणसं होती. आबांना कळलं नव्हतं. अबोलीबाईंना कळलं नव्हतं. ज्यांना त्यानं शिकवलं होतं, त्यांनाच कळलं होतं.

आबा पुढचं वाक्य बोलले. अर्जुनानं ते सांगितलं नाही.

"इमा नो वा, उसो देस," तो जपानीत म्हणाला. आत्ताचं ते खोटं होतं.

पाहुण्यांनी माना वर केल्या. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता आलं नाही. वर्ग इथं चालत नाही. चिंचमाळच्या शाळेच्या व्हरांड्यात चालतो. ही मुलं हुशार आहेत, त्यांचा दोष नाही, पण यांना मी आठ दिवस पाठ करून घेतलं. मला माफ करा.

तानाबेबाईनं बसल्या जागेवरून विचारलं, "मग तुझी मुलं कुठं आहेत?"

"तुम्हाला पाणी देताहेत."

बाई उठली. गुडघ्यावर हात दाबत उठली, शिवांजलीसमोर गेली आणि कमरेत वाकली. शिवांजलीनं ट्रे खाली ठेवला, तीही वाकली. बाईनं नाव विचारलं. तिनं सांगितलं, गाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. मग तिनं आपण होऊन विचारलं, "प्रवासात पाठ दुखली का?" हे वाक्य कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं. तानाबेबाईनं तोंडावर रुमाल धरला.

"काय चाललंय रं?" आबांनी दातांतल्या दातांत विचारलं. "काय म्हणत्यात त्या?"

अर्जुनाच्या हातात माईक होता. रस्त्यावरच्या हॉटेलापर्यंत कर्णे लावले होते.

"आबा, बाई इचारत्यात, जपानी शिकलेली पोरं कुटं हायती. मी सांगिटलं, पाणी वाटत्यात. वर्ग चिंचमाळचा हाय. तुमच्या संस्थेचा न्हाई. मी मगाशी खोटं बोललो, ते तुमी सांगिटलं म्हणून."

कुणीतरी वायर उपटली. पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

मग जेवणाची घाई झाली. पाहुण्यांना गाड्यांत बसवलं. तानाबेबाई चिंचमाळचं नाव घेत राहिली, आबांची माणसं घड्याळ दाखवत राहिली. गाड्या कराडकडं गेल्या. पोरं साडेतीन मैल उन्हातून चालत घरी आली. त्यांना जेवायलाही कुणी विचारलं नव्हतं.

टोळी आली नाही. दादासो आता अर्जुना पायरीवर आला की खिडकी लावून घ्यायचा. चौथ्या दिवशी वरून शाळेला पत्र आलं. बाहेरच्या व्यक्तींनी शाळेच्या आवारात कोणतीही भाषा शिकवू नये. सुमंत गुरुजी ते पत्र घेऊन घरी आले आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. "अर्जुनराव, मी परवानगी मागितली नसती तर बरं झालं असतं."

"तुमी सरळ वागलासा गुरुजी," अर्जुना म्हणाला. "सरळ वागल्यालं चुकलं आसं म्हणाय लागलो तर मग राह्यलं काय?"

लालासाहेबांनी पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. "आवारात. आवार म्हंजी तारंच्या आतलं. तारंच्या भाईर सरकारी रस्ता हाय."

दुसऱ्या दिवसापासून वर्ग तारेबाहेर लिंबाखाली बसला. सुमंत गुरुजी सकाळी येऊन फळा आतल्या बाजूनं तारेला टेकवायचे, तोंड रस्त्याकडं करून, आणि काही न बोलता ऑफिसात जायचे.

मार्चअखेर कारखान्याचा नाद सोडून अर्जुनानं ऊस सयाजीच्या गुऱ्हाळाला घातला. तोडायला माणसं मिळत नव्हती. आबांच्या धाकानं कुणी येईना. पहिल्या दिवशी नवरा-बायको दोघंच फडात उतरली. पाचटाच्या धारेनं भाजलेल्या हातावर ओरखडे उठले, त्यात घाम उतरून आग आग होत होती. नऊ वाजता बांधावर रंगूबाई उभी दिसली, पदर खोचून, हातात कोयता, आणि मागं आणखी पाच बायका.

"रोज काय द्याचा ते मागनं बगू," रंगूबाई म्हणाली. "पोरीनं सांगिटलं मला. भर मांडवात सर आदी खोटं बोललं, आन मग खरं बोललं म्हणाली."

"खोटं बोललो ते बी सांगिटलं व्हय?"

"सगळं सांगिटलं. म्हणून तर आले."

ऊस गेला. अठरा महिन्यांच्या उसाचा गूळ निम्माच पडला. काकवीला रंग नव्हता. सयाजी कढईजवळ उभा राहून हळहळला आणि विजयमाला त्याला म्हणाली, "पुरं करा भावजी आता. हळहळून गूळ वाढत न्हाई."

एप्रिलमध्ये तानाबेबाईचं पत्र आलं. ती सुखरूप पोचली होती. शेवटी तिनं विचारलं होतं, मुलांना चित्रांची पुस्तकं आवडली का?

अर्जुनानं पत्र दोनदा वाचलं. "पुस्तकं आपल्यापत्तूर आलीच न्हाईत की."

लिंबाखाली सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग शिवांजली म्हणाली, "सर, गाडीतनं एक खोकं उतरवलं हुतं. आबांच्या शाळंच्या ऑफिसात न्हेलं."

दुसऱ्या दिवशी अर्जुना, विजयमाला, लालासाहेब आणि शिवांजली चौघं चालत इंग्रजी शाळेत गेली. शिपायानं ओळखलं. "मामा, आज काय काढलं?" अर्जुना थांबला नाही. सरळ ऑफिसात गेला.

अबोलीबाईंच्या मागं काचेचं कपाट होतं. कपाटावर नवी पाटी होती, 'जपानी भाषा केंद्र'. आत खोकं, वरची चिकटपट्टीही काढलेली नव्हती.

"आबा उद्घाटन करणार आहेत," अबोलीबाई उभ्या राहत म्हणाल्या. "तोवर कुणी हात लावायचा नाही. आणि ती भेट संस्थेला आलीय."

"कुणी सांगिटलं?" विजयमालानं विचारलं.

"इथं दिलीय म्हणजे इथलीच ना?"

शिवांजली काचेला नाक लावून बघत होती. खोक्याच्या अंगावर काळ्या ब्रशनं मोठी अक्षरं काढलेली होती. ती एकेक अक्षर बोटानं काचेवर धरत वाचायला लागली. "चिं-चि-मा-रु... नो... को-दो-मो-ता-ची... ए." ती वळली. तिचे गाल लाल झाले होते. "सर, चिंचमाळच्या मुलांना, आसं लिवलंय."

लालासाहेबांनी चष्मा चढवून बघितलं आणि मान हलवली.

"कशावरून?" अबोलीबाईंनी विचारलं. पण आवाज आधीच खाली गेला होता.

"वाचा की बाई तुमी," अर्जुना म्हणाला. "म्हैनाभर हितं तुमच्या डोक्यामागं लिवून ठेवल्यालं हाय. तुमच्यात चार वर्सं वर्ग हाय न्हवं? बोलवा एखादं पोरगं. वाचू दे त्याला."

 अबोलीबाईंनी टेलिफोन ओढला, नंबर फिरवला. आबा कारखान्यावर मीटिंगला गेले होते. त्यांनी रिसीव्हर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. लालासाहेब भिंतीला पाठ न टेकता उभे होते. बाहेर तास बदलल्याची घंटा झाली, पोरांचा गलका आला आणि गेला. चौघांपैकी कुणालाही बसा म्हटलेलं नव्हतं आणि कुणी जायलाही हललं नव्हतं.

शेवटी अबोलीबाईंनी ड्रॉवरमधून किल्ली काढली. "घेऊन जा. मागच्या दारानं जा. मी दिलं असं कुठं बोलू नका."

"मागच्या दारानं न्हाई," अर्जुना म्हणाला. "आमी चोरून न्हेत न्हाई. कागुद द्या. लिवा, चिंचमाळच्या पोरांची पुस्तकं चिंचमाळच्या पोरांस्नी दिली. खाली सही करा."

"माझी नोकरी आहे हो."

"माजा ऊस हुता, बाई."

अबोलीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी लिहिलं. अक्षर वळणदार होतं. सहीखाली त्यांनी शाळेचा शिक्कासुद्धा मारला.

विजयमालानं पदराची चुंबळ केली आणि खोकं डोक्यावर घेतलं. जड होतं. तिची मान एकदा आत गेली आणि सरळ झाली. पुढच्या दारातून चौघं बाहेर पडली. रस्त्याला लागल्यावर लालासाहेबांनी डावीकडं हात केला. तिथून पाणंदीनं गेलं की एक मैल वाचायचा, आणि झाडांची सावलीही होती.

"पाणंदीनं नगं," विजयमाला म्हणाली. "मोठ्या रस्त्यानं चला. आबांच्या बंगल्यावरनं. शिवे, खोक्याची लिवल्याली बाजू म्होरं हाय का बग."

शिवांजलीनं टाचा उंचावून खोकं फिरवलं. "आली म्होरं. पर काकू, त्यांस्नी कुटं वाचता येतंय?"

"न्हाई येत," विजयमाला चालायला लागली. "म्हणूनच इचारतील. इचारलं की सांगू."